पाठ फिरवून बसलेल्या खुर्च्या : 'ला वोस' नावाचा गाण्याचा शो नक्की चालतो कसा?

दोन वर्षांपूर्वी मी स्पॅनिश शिकायला घेतलं. ऑफिसात मेक्सिकोचा क्लायंट आला होता आणि बॉस म्हणाले शिकलीस तर बरं पडेल, एवढंच कारण. क्लासच्या मॅडमनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की मालिका बघू नका, त्यात लोक भांडताना इतकं भरभर बोलतात की तुमचा धीरच सुटेल, त्यापेक्षा 'ला वोस' बघा, तिथे तीच तीच वाक्यं दर दहा मिनिटांनी येतात. मग काय, रोज रात्री जेवणं झाली की मी यूट्यूब लावायचे आणि आई शेजारी दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत बसायची. स्पॅनिशचा एक शब्द येत नाही तिला. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने विचारलं, "अगं हे चौघं पाठ करून का बसलेत? रुसलेत का?"

तिच्या असल्या प्रश्नांना उत्तरं देता देता मलाच तो शो हळूहळू कळत गेला, आणि वरवर दिसतो त्याच्यापेक्षा तो बराच चलाख आहे असं लक्षात आलं.

आधी नावाचं बघू. 'ला वोस' म्हणजे 'आवाज', बस. लिहिताना शेवटी झेड येतो, स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा उच्चार आपल्या 'थ'च्या जवळ जातो म्हणून तिकडे 'ला वोथ', आणि मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना सगळीकडे सरळ 'ला वोस'. मूळ शो मात्र स्पॅनिश नाहीच, तो डच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये तो पहिल्यांदा लागला, आणि त्याच्यामागचा माणूस म्हणजे जॉन डे मोल. हे नाव ओळखीचं वाटत नसेल पण त्याचा दुसरा उद्योग आपल्या घराघरात पोचलेला आहे, १९९९ साली 'बिग ब्रदर' त्यानेच आणलं, म्हणजे आपल्याकडे जे बिग बॉस मराठी बघतात (आणि बघत नाही म्हणून सांगतात) त्याचा हा आजोबा. माणसांना घरात कोंडून झाल्यावर त्याने खुर्च्या उलट्या फिरवल्या असं म्हणायला हरकत नाही.

असा शो एका देशात चालला की त्याचा 'फॉरमॅट' विकला जातो. म्हणजे गाणी विकत नाहीत, माणसं विकत नाहीत, विकतात ती पद्धत: लाल खुर्ची कशी असेल, बटण कुठे, कुठल्या टप्प्यावर काय होणार, सगळं ठरलेलं. वडापावची फ्रँचायझी असते ना, चटणी तीच, पाटी तीच, गाडीवरचा माणूस मात्र तुमच्या गावचा, तसंच. मेक्सिकोत तो २०११ मध्ये आला, स्पेन, अर्जेंटिना आणि कोलंबियात २०१२ मध्ये. आपल्याकडेही २०१५ मध्ये 'द व्हॉइस इंडिया' आलं होतं, शान, सुनिधी चौहान, मिका सिंग आणि हिमेश रेशमिया खुर्च्यांवर होते आणि पवनदीप राजन जिंकला होता. हिमेशची टोपी आठवत असेल तर तो शोही आठवेल.

आता आईच्या प्रश्नाकडे. पाठ करून का बसतात?

पहिला टप्पा म्हणजे 'आउदिसियोनेस आ सिएगास', शब्दशः आंधळ्या ऑडिशन. चार नावाजलेले गायक, त्यांना सगळीकडे 'कोच' असंच म्हणतात, स्पॅनिश बोलतानाही कोचच, ते स्टेजकडे पाठ करून मोठ्या खुर्च्यांत बसतात. गाणारा येतो, साधारण दीड मिनिट गातो. कोचला आवाज आवडला तर तो बटण दाबतो, खुर्ची गर्रकन वळते आणि स्पेनमध्ये तर खुर्चीच्या पायाशी अक्षरं उजळतात, 'मला तुझा आवाज हवाय' अशा अर्थाची. गाणं संपेपर्यंत एकही खुर्ची वळली नाही तर घरी. एक वळली तर त्या कोचच्या टीममध्ये. आणि दोन किंवा जास्त वळल्या तर, इथे खरी गंमत आहे, कोणाकडे जायचं ते गाणारा ठरवतो.

बाकीच्या गाण्याच्या शोमध्ये काय असतं की परीक्षक खुर्चीत रेलून बसलेला, स्पर्धक घाम पुसत उभा, आणि आता हा काय बोलतोय म्हणून त्याच्या तोंडाकडे बघणारा. इथे एका झटक्यात पारडं फिरतं. ज्या माणसाच्या गाण्यावर तुम्ही शाळेच्या गॅदरिंगला नाचलात तो माणूस तुमच्यासमोर उभा राहून म्हणतो, ये ना माझ्याकडे, मी तुझी नीट काळजी घेईन, ह्या बाजूच्याचं ऐकू नकोस. बाजूचा म्हणतो तो खोटं बोलतोय. तिसरी स्टेजवर जाऊन मिठीच मारते. आपल्याकडे खुर्ची मिळाली की माणूस लोकांकडे पाठ फिरवतो, इथे खुर्ची मुळातच पाठ फिरवून असते आणि वळली की गयावया करते.

आई हे बघून म्हणाली, "म्हणजे हे स्थळं बघायचंच झालं, फक्त मुलीकडे चार स्थळं एकदम आलीयेत." बरोब्बर. आणि तिला माहीत नव्हतं पण ती एका खऱ्याखुऱ्या गणिताच्या दारात येऊन उभी होती. संख्याशास्त्रात एक जुनं कोडं आहे: समजा तुमच्यासमोर एकामागून एक उमेदवार येणार आहेत, प्रत्येकाला तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचंय, नाही म्हटलेला परत येणार नाही, तर सगळ्यात चांगला निवडायचा कसा? उत्तर असं निघतं की पहिल्या साधारण ३७ टक्के लोकांना नुसतं बघायचं, कोणालाही हो म्हणायचं नाही, आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल त्याला पकडायचं. एवढं करूनही सर्वोत्तम माणूस हाती लागण्याची शक्यता साधारण ३७ टक्केच राहते बरं का, म्हणजे गणितालाही लग्नाची खात्री देता येत नाही.

कोचची अडचण याच जातीची आहे, फक्त जास्त गुंतागुंतीची. त्याला एक नाही, समजा बारा माणसं घ्यायचीत. पहिल्या दिवशी हात सैल ठेवला तर शेवटी जागा उरत नाही, हात आखडता घेतला तर चांगले आवाज शेजारच्या खुर्च्या घेऊन जातात. आणि त्यात पुन्हा हा एकटा निवडणारा नाही, आणखी तिघं त्याच माणसावर टपलेत. म्हणून तुम्ही नीट बघितलंत तर सुरुवातीच्या एपिसोडमध्ये खुर्च्या पटापट वळतात, शेवटच्या एपिसोडमध्ये उत्तम गाणाऱ्यालाही कोच डोळे मिटून, दात-ओठ चावत ऐकतात आणि बटणावरचा हात काढून घेतात. बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो उशिरा आला. आपण घरी बसून ओरडतो अरे वळ की मूर्खा, पण त्याच्याकडे एकच जागा उरलीय आणि त्याच्या टीममध्ये तशा आवाजाचे दोन आधीच आहेत.

हे 'तशा आवाजाचे दोन' प्रकरण मला आधी कळलंच नव्हतं. वाटायचं, चांगला गातोय ना, घे की. पण पुढच्या टप्प्यात प्रेक्षकांची मतं लागतात, फोन, मेसेज, ॲप जिथे जे असेल ते, आणि एकाच टीममध्ये दोन मारियाची, म्हणजे मेक्सिकोच्या लोकसंगीताच्या बाजाचे गाणारे असले तर त्या गाण्यावर जीव टाकणारे लोक दोघांत वाटले जातात. मतविभागणी. हे मराठी माणसाला वेगळं समजवायची गरज नाही, एका वॉर्डात एकाच पक्षाचा एक अधिकृत आणि एक बंडखोर उभा राहिला की काय होतं ते आपण दर निवडणुकीला बघतो. म्हणून शहाणा कोच एक रांचेरावाली, एक रॉकवाला, एक बोलेरो गाणारा काका, एक रेगेटॉनचा पोरगा असा रुखवत मांडल्यासारखा संच जमवतो.

आणि ही ऑडिशन खरंच आंधळी असते का? अर्धी. कोचला चेहरा दिसत नाही हे खरं, पण समोर बसलेले प्रेक्षक दिसतात आणि ऐकू येतात, गाणारा स्टेजवर आल्याबरोबर जी कुजबुज होते, एखादा सूर लागला की जो गलका होतो, त्यावरून बराच अंदाज येतो. शिवाय या स्टेजपर्यंत कोणीही उठून येत नाही, त्याआधी निर्मात्यांच्या लोकांनी चाळणी लावलेली असते, आणि त्यांनी माणसाला पाहिलेलं असतं, त्याची कहाणी ऐकलेली असते, घरी जाऊन शूटिंगही केलेलं असतं. म्हणजे चेहरा बघून निवड होतेच, फक्त टीव्हीवर दिसत नाही त्या खोलीत होते. मला हे कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, मग वाटलं निदान शेवटच्या दारात तरी कान वापरतात.

कधी कधी मात्र ही पाठ खरोखर कामाला येते. २०१९ मध्ये स्पेनमध्ये ज्येष्ठांसाठी 'ला वोस सेनियर' सुरू झालं, आणि पहिल्याच वर्षी जिंकल्या त्या एलेना बियांको. या बाई १९६०च्या दशकात 'लोस मिस्मोस' नावाच्या ग्रुपच्या गायिका, १९६८ मध्ये त्यांचं गाणं स्पेनभर गाजलेलं. सत्तरीच्या त्या बाई पुन्हा ऑडिशनला उभ्या, समोर चार खुर्च्यांच्या पाठी, आणि त्या खुर्च्यांत बसलेले सगळे वयाने त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान. हे आईला सांगितल्यावर तिने मेथी बाजूला ठेवली आणि पूर्ण बघितलं.

पुढचा टप्पा 'बातायास', म्हणजे लढाया. आत्तापर्यंत लाडीगोडी लावणारा कोच आता आपल्याच टीममधल्या दोघांना बॉक्सिंग रिंगसारख्या स्टेजवर एकच गाणं एकत्र गायला लावतो आणि एकाला ठेवून एकाला सोडतो. इथे आईचा दुसरा प्रश्न आला, "हा नक्की शिक्षक आहे का परीक्षक?" दोन्ही, आणि तीच मेख आहे. गाणं कोच निवडतो, जोडी कोच लावतो, तालीम कोच घेतो आणि निकालही कोचच देतो. म्हणजे पेपर काढणारा, शिकवणी घेणारा आणि तपासणारा एकच. एखाद्याला वाचवायचं असेल तर त्याच्यासमोर कच्चा भिडू ठेवता येतो, किंवा गाण्याची पट्टी अशी निवडायची की एकाला सोयीची, दुसऱ्याची फरफट. करतातच असं मी म्हणत नाही, पण करता येतं, आणि बघणाऱ्याला ते दिसतं, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी वाद घालता येतो. शोला वादच तर हवाय.

पण कोच फार निष्ठुर वाटू नये म्हणून 'रोबो' ठेवलाय, म्हणजे चोरी. सोडलेल्या गाणाऱ्याला दुसरा कोच बटण दाबून आपल्याकडे ओढू शकतो. (स्पॅनिशमध्ये चोरीला 'रोबो' म्हणतात हे कळल्यावर माझ्या भाच्याला आठवडाभर हसू येत होतं.) नंतरच्या सीझनमध्ये 'ब्लोकेओ' पण आलं, म्हणजे ऑडिशनच्या वेळी एक कोच दुसऱ्याला अडवू शकतो, त्या बिचाऱ्याची खुर्ची वळते पण त्याला ती व्यक्ती घेताच येत नाही. हे सगळे नियम बघितले तर एक गोष्ट लक्षात येते: एकही नियम गाणाऱ्याला जास्त चांगलं गाता यावं म्हणून नाहीये. सगळे नियम कोचनी एकमेकांत भांडावं म्हणून आहेत.

या शोमधली खरी स्पर्धा खुर्च्यांत बसलेल्या चौघांत आहे. गाणारे येतात आणि जातात, दर सीझनला सगळे नवे. पोस्टरवर कोण असतं? कोच. पुढच्या वर्षी शो बघावा का नाही हे लोक कशावरून ठरवतात? कोच कोण आहेत त्यावरून. आणि कोचनाही ते हवंच असतं, कारण आठवड्यातून एकदा ऐन प्राइम टाइमला दोन-तीन तास देशभर दिसणं म्हणजे नव्या अल्बमची जाहिरातच की, आणि वर तुम्ही रडता, हसता, पोरांना जवळ घेता, म्हणजे माणूस म्हणूनही आवडायला लागता.

स्पेनच्या पहिल्या सीझनची चौकडी बघा, २०१२, तेलेसिंको चॅनल. रोसारिओ फ्लोरेस, म्हणजे स्पेनची दंतकथा झालेल्या लोला फ्लोरेसची मुलगी. मालू, म्हणजे जगप्रसिद्ध फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांची पुतणी. मेलेंदी, उत्तरेकडचा मनमौजी गडी. आणि दाविद बिस्बाल. घराणं, घराणं, बंडखोर, आणि रिॲलिटी शोमधून आलेला पोरगा. हा बिस्बाल महत्त्वाचा आहे कारण तो स्वतः 'ओपेरासिओन त्रिउन्फो' या दुसऱ्या गाण्याच्या शोमधून आला, २००१ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या सीझनमध्ये. जिंकली होती रोसा लोपेस, बिस्बाल दुसरा आला, आणि पुढे स्पॅनिश जगातला मोठा स्टार झाला.

मग प्रश्न येतोच, 'ला वोस'मधून असा बिस्बाल का निघाला नाही? आईने हाच विचारला, तिच्या भाषेत: "मग जिंकलेली पोरं जातात कुठे?"

पहिल्यांदा साधा हिशोब. चार टीम, प्रत्येकी बारा धरले तर अठ्ठेचाळीस गाणारे. यातल्या बहुतेकांना तुम्ही दीड मिनिट ऐकता आणि मग लढाईत अर्धं गाणं. जिंकणारा सुद्धा संपूर्ण सीझनमध्ये फार तर सात-आठ गाणी गातो, तीही दुसऱ्यांची गाजलेली. 'ओपेरासिओन त्रिउन्फो'मध्ये मोजकीच मुलं एका अकॅडमीत महिनोन्‌महिने एकत्र राहायची, त्यांची तालीम, भांडणं, प्रेमं सगळं रोज टीव्हीवर, म्हणजे लोकांना ती घरातली वाटायला लागली. आपल्याकडे २००८-०९ चे 'लिटिल चॅम्प्स' आठवा, कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित ही नावं आजही लोक एका दमात घेतात, आणि त्यात जिंकलं कोण हे आठवायला क्षणभर थांबावं लागतं (कार्तिकी). कारण आपण त्यांना कित्येक महिने वाढताना पाहिलं. 'ला वोस'मध्ये वाढताना बघायला वेळच नाही, तो वेळ कोचच्या थट्टामस्करीत गेलेला असतो.

दुसरं कारण बाजाराचं. जिंकणाऱ्याला रेकॉर्ड कंपनीचा करार मिळतो, स्पेनमध्ये युनिव्हर्सलचा. ऐकायला भारी. पण करार म्हणजे एक अल्बम, आणि तो येईपर्यंत पुढच्या सीझनच्या जाहिराती सुरू झालेल्या असतात, चॅनलला जुन्या विजेत्यात काही रस उरत नाही. शिवाय मत देणं आणि गाणं विकत घेणं किंवा कॉन्सर्टचं तिकीट काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मत आपण गावच्या पोराला देतो, कोचच्या प्रेमाखातर देतो, त्याची कहाणी ऐकून डोळ्यात पाणी आलं म्हणून देतो. गाडीत गाणी लावताना तो आठवत नाही.

अपवाद आहेत, आणि ते बहुतेक लहान मुलांच्या आवृत्तीतून आलेत असं मला दिसतं. २०१८ चं 'ला वोस किड्स' स्पेनमध्ये मेलानी गार्सिया नावाच्या मुलीने जिंकलं, वय दहा-अकरा आणि गात होती ऑपेरा, कोचचे चेहरे बघण्यासारखे झाले होते खुर्ची वळल्यावर. पुढच्याच वर्षी ती ज्युनियर युरोव्हिजनला, म्हणजे मुलांच्या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेला, स्पेनकडून गेली आणि तिसरी आली.

आता या सगळ्यात 'स्पॅनिश' असण्याचा काय संबंध, हा शो तर कितीतरी भाषांत होतो? मला तर यातच सगळ्यात जास्त मजा आली. मराठी एका राज्याची भाषा, दोन धरा गोव्यासकट. स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा, आणि अमेरिकेत सहा कोटींवर लोक लॅटिनो वंशाचे. त्यामुळे कोचचा एक फिरता संघच तयार झालाय, रणजीला दरवर्षी वेगळ्या राज्याकडून खेळणारे पाहुणे खेळाडू असतात तसा. रिकार्दो मोंतानेर घ्या, जन्म अर्जेंटिनाचा, वाढला व्हेनेझुएलात, आणि कोच झाला कोलंबियात, अर्जेंटिनात आणि मेक्सिकोत. पावलिना रुबिओ मेक्सिकोची, खुर्ची मेक्सिकोतही आणि स्पेनमध्येही. आलेहांद्रो सान्स स्पेनचा, तो मेक्सिकोच्या अगदी पहिल्या सीझनला होता. आणि गाणारेही सीमा ओलांडतात: स्पेनच्या कानारी बेटांवरची क्रिस्तिना रामोस २०१८ मध्ये मेक्सिकोचा शो जिंकून गेली.

लुइस फोन्सी तर कमालच. 'देस्पासितो'वाला, हो तोच, २०१७ मध्ये आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा जे वाजत होतं ते. हा माणूस पोर्तो रिकोत जन्मला, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मोठा झाला, आणि जानेवारी २०१९ मध्ये एकाच महिन्यात दोन खंडांत दोन 'ला वोस' सुरू झाले त्या दोन्हीकडे खुर्चीत हाच. स्पेनमध्ये शो तेलेसिंकोकडून त्याच्या कट्टर स्पर्धक आंतेना ३ कडे गेला तिथेही, आणि अमेरिकेतल्या तेलेमुंदोवर पहिल्यांदाच मोठ्यांचा स्पॅनिश शो सुरू झाला तिथेही. त्याच वर्षी मेक्सिकोतही शो तेलेविसाकडून स्पर्धक टीव्ही अस्तेकाकडे गेला. एकाच वर्षी दोन देशांत असा पक्षबदल, आपल्याला सवय आहे म्हणा.

तेलेमुंदोचं थोडं सांगते कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ते चॅनल सर्फ करताना लागतं. हे अमेरिकेतलं स्पॅनिश चॅनल, आणि ज्या एनबीसीवर इंग्रजी 'द व्हॉइस' लागतं त्याच कंपनीचं, म्हणजे सख्खं भावंड. कोच कोण कोण बघा: फोन्सी पोर्तो रिकोचा पॉपवाला, विसीन पोर्तो रिकोचाच पण रेगेटॉनवाला, कार्लोस वीवेस कोलंबियाचा आणि तिथल्या वायेनातो या लोकसंगीताला जगभर नेणारा, आणि आलेहांद्रा गुस्मान मेक्सिकोची रॉक गायिका, आई सिल्विया पिनाल म्हणजे तिकडची मोठी सिनेनटी. ही निवड म्हणजे सरळ सरळ जनगणना आहे. अमेरिकेत मेक्सिकन मुळाचे लोक सगळ्यात जास्त, पोर्तो रिकोचे त्याखालोखाल, मग त्यांच्या घरात जे संगीत वाजतं ते खुर्चीत बसवलं. पहिला सीझन पोर्तो रिकोच्या हेइदिमार रिहोसने जिंकला, विसीनच्या टीममधून.

या फिरत्या संघामुळे भाषेचीही भारी गंमत होते, जी मला क्लासमध्ये कधीच कळली नसती. अर्जेंटिनाची कोच 'तू'साठी 'वोस' म्हणते (हा 'ला वोस'मधला वोस नव्हे, मीही आधी गोंधळले), स्पेनची 'तु' म्हणते, आणि कोलंबियाचा एखादा स्पर्धक आदराने 'उस्तेद' म्हणजे आपला 'तुम्ही' लावतो. कोच म्हणतात अरे मला उस्तेद नको म्हणूस, आणि तो बिचारा पुढच्या वाक्यात पुन्हा उस्तेदच. आपल्याकडे बाबांच्या मित्राने "मला अरे-तुरे कर" म्हटल्यावर आपली जी त्रेधा उडते तीच. आई हे न कळता हसली, कारण त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

आणि अर्जेंटिनाचं २०२१ चं तर बघाच वेळ मिळाला तर. एका खुर्चीत रिकार्दो मोंतानेर, आणि शेजारच्या जोड खुर्चीत माऊ आणि रिकी, म्हणजे त्याचेच दोन मुलगे. बाप आणि पोरं एकाच गाणाऱ्यासाठी भांडतायत, पोरं म्हणतायत बाबांकडे जाऊ नकोस, ते जुने झालेत, आणि बाप म्हणतोय यांना मी ओळखतो, यांचं काही खरं नाही. शेवटी जिंकली सोलेदादची टीम, आणि सोलेदाद म्हणजे तिथल्या लोकसंगीतातली बाई, या घरगुती भांडणात शांतपणे काम करून गेली.

सगळंच असं हसरं नाही. मेक्सिकोच्या दुसऱ्या सीझनमध्ये एक कोच होती जेन्नी रिवेरा, अमेरिकेत वाढलेली, बांदा आणि नोर्तेन्या हे मेक्सिकोच्या लोकसंगीताचे प्रकार गाणारी. हे संगीत तोवर पुरुषांचं मानलं जायचं आणि ती त्यात राणी होऊन बसली होती. ९ डिसेंबर २०१२ ला, सीझन चालू असतानाच, मोंतेरेची कॉन्सर्ट आटोपून पहाटे ती छोट्या विमानाने तोलुकाकडे निघाली आणि विमान कोसळलं. ती त्रेचाळीस वर्षांची होती. सात वर्षांनी, शो दुसऱ्या चॅनलवर गेल्यावर, तिचा भाऊ लुपियो रिवेरा त्याच शोच्या खुर्चीत कोच म्हणून बसला. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली मला ती बाई दाखव, मग आम्ही तिचे जुने एपिसोड शोधून काढले. ती कोच म्हणून फार मोठमोठ्याने हसायची.

आता कोणी विचारेल की बघायला सुरुवात कुठून करू. माझ्या मते आंधळ्या ऑडिशनच बघा, बाकी नाही बघितलं तरी चालेल. भाषा येत नसेल तर स्पेनचा बघा कारण तिथे इंग्रजी गाणी भरपूर असतात, निदान अर्धं कळतं. गाण्याची विविधता हवी असेल तर मेक्सिको. भांडणं हवी असतील तर अर्जेंटिना. आणि बघताना गाणाऱ्याकडे नंतर बघा, आधी कोचच्या हाताकडे बघा, बटणाच्या वर तरंगणाऱ्या. तो हात दोनदा खाली येतो आणि दोनदा थांबतो, तेव्हा त्या डोक्यात काय काय चाललंय, किती जागा उरल्यात, शेजारचा वळतोय का, असा एक आवाज आपल्याकडे आहे का, हे सगळं आता तुम्हाला दिसेल.

आई मात्र आता वेगळंच बघते. ज्याच्यासाठी एकही खुर्ची वळली नाही तो निघाला की ती म्हणते, थांब, पुढे ढकलू नकोस. कारण गाणं संपल्यावर चारही खुर्च्या आपोआप वळतात आणि तेव्हा कोचना पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो. काही कोच नुसतं गोड बोलतात. काही उठून स्टेजवर जातात. पाबलो लोपेस नावाचा एक आहे स्पेनचा, तो पियानोवाला आहे, हळवा माणूस, आईला तो फार आवडतो, "हा त्या दाढीवाल्यासारखा नाही, याला खरंच वाईट वाटतंय" म्हणते. दाढीवाला कोण ते मला अजून कळलेलं नाही, तिकडे निम्म्यांना दाढी आहे.